गिल्डहॉलमधील मेजवानी

लंडनच्या ज्या पुरातन भागाला तेथील रहिवासी नुसते ‘सिटी’ म्हणून ओळखतात, त्या भागात गिल्डहॉल या नावाची पंधराव्या शतकात उभारलेली एक भव्य वास्तू आहे. नगराच्या महापौराने परदेशच्या राजांचे व विजयी सेनापतींचे सत्कार करावेत, श्रेणींच्या प्रतिष्ठित व्यापाऱ्यांनी आपापले मानपान तेथे सांभाळावेत, असा तिचा शतकानुशतकांचा दस्तुर. १९४० सालच्या डिसेंबरात जर्मन विमानांनी केलेल्या अग्निवर्षावात तिचे छप्पर जळून गेले आणि महायुद्धाची राख निवल्यावर, १९५४ साली, त्या पाषाणी भिंतींवर नवे छप्पर चढले. या नूतन छपराखाली गुरुवार, दिनांक २२ सप्टेंबर १९५५ रोजी सायंकाळी जी मेजवानी झडली, ती कोणा राजाच्या वा सेनापतीच्या सन्मानार्थ नव्हती. इंग्लंडात त्या दिवशी पहिल्यांदाच जाहिरातींच्या उत्पन्नावर चालणारी दूरचित्रवाणी सुरू होत होती. आणि साबण, दंतमंजन व मार्गारीन यांच्या विक्रीतून ज्या संस्थेचा चरितार्थ चालायचा होता, तिने आपल्या जन्मसोहळ्यासाठी साम्राज्याच्या राजधानीतील सर्वांत मानाचे दालन निवडले होते. या निवडीत त्या संस्थेची भीतीही होती आणि महत्त्वाकांक्षाही होती. ही दोन्ही कोठून आली हे कळल्यावाचून त्या संध्याकाळचे मर्म उलगडत नाही.

तोवर ब्रिटनमध्ये ध्वनिक्षेपण आणि चित्रक्षेपण या दोहोंचा अधिकार एकट्या बी.बी.सी.कडे होता. राजसनदेने स्थापन झालेली, श्रोत्यांच्या परवाना-पट्टीवर चालणारी आणि सरकारी खाते नसूनही सरकारी खात्याइतकीच प्रतिष्ठा भोगणारी ही संस्था जॉन रीथ या कर्मठ स्कॉटिश अभियंत्याने आपल्या नैतिक निष्ठेच्या पायावर उभारली होती. लोकांना जे आवडते त्यापेक्षा जे त्यांच्या हिताचे आहे ते त्यांच्यापुढे ठेवावे, म्हणजे कालांतराने त्यांना तेच आवडू लागेल, हा रीथ यांचा सिद्धान्त होता. आपल्याकडे १९३५ मध्ये लायनेल फील्डन हे बी.बी.सी.तले अधिकारी नभोवाणीची घडी बसवण्यासाठी दिल्लीस आले ते हाच वारसा घेऊन, आणि आपल्या आकाशवाणीने पुढे कित्येक वर्षे जी सुसंस्कृत पण किंचित दूरस्थ वाणी जोपासली तिचे मूळही येथेच आहे.

या एकाधिकाराला पहिला तडा संसदेबाहेर गेला. बी.बी.सी.च्या दूरचित्रवाणी विभागाचे प्रमुख नॉर्मन कॉलिन्स यांना १९५० मध्ये डावलून वरची जागा दुसऱ्यास देण्यात आली, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला आणि आपले सगळे बुद्धिसामर्थ्य प्रतिस्पर्धी सेवेच्या मागणीस वाहिले. ध्वनिक्षेपणाच्या भवितव्याचा विचार करण्यासाठी नेमलेल्या बेव्हरिज समितीने १९५१ साली एकाधिकाराच्याच बाजूने कौल दिला. परंतु सेल्विन लॉइड या सभासदाने आपले भिन्नमत स्वतंत्रपणे नोंदवले, आणि त्याच वर्षी सत्तेवर आलेल्या हुजूर पक्षातील तरुण सभासदांनी ते भिन्नमत उचलून धरले. १९५२ च्या मे महिन्यात उमरावसभेत या प्रश्नावर चर्चा झाली, तेव्हा रीथ यांनी पुरस्कृत ध्वनिक्षेपण या देशात आणणाऱ्याची गणना देवी, प्लेग आणि मध्ययुगातील काळा मृत्यू आणणाऱ्यांच्या पंगतीत केली. ज्यांच्या घरात १८९७ च्या पुण्यातील प्लेगाच्या आठवणी आजोबांच्या तोंडून ऐकलेल्या आहेत, त्या मराठी वाचकाला या उपमेचा भार वेगळा सांगायला नको.

रीथ एकटे नव्हते. १९५३ च्या जून महिन्यात व्यापारी दूरचित्रवाणीच्या विरोधासाठी जी राष्ट्रीय परिषद स्थापन झाली, तिच्या पुरस्कर्त्यांत लेडी व्हायोलेट बॉनहॅम कार्टर होत्या, मजूर पक्षाचे ख्रिस्तोफर मेह्यू होते, आणि लॉर्ड हॅलिफॅक्स होते; हे हॅलिफॅक्स म्हणजे गांधी-इर्विन करारातले आपले इर्विन. त्याच महिन्यात राणी एलिझाबेथचा राज्याभिषेक झाला. तो सोहळा ब्रिटनमधील सुमारे २ कोटी लोकांनी दूरचित्रवाणीवर पाहिला, आणि अटलांटिकच्या पलीकडे मात्र एका अमेरिकन वाहिनीने त्याच्या प्रक्षेपणाच्या दरम्यान जे. फ्रेड मग्ज नावाचा आपला लाडका चिंपांझी पडद्यावर आणला. ही वार्ता लंडनला पोचताच विरोधकांच्या हाती आयतेच शस्त्र आले: अभिषेकाचे पवित्र तेल आणि माकडचेष्टा एकाच पडद्यावर आणणारी ही विद्या आम्हांला नको, असा गजर वृत्तपत्रांतून व धर्मपीठांवरून झाला.

या गजराचा परिणाम कायद्याच्या मसुद्यावर खोलवर झाला, आणि माझ्या मते ब्रिटिश लोकशाहीच्या समंजसपणाचा हा एक उत्तम दाखला आहे. ३० जुलै १९५४ रोजी संमत झालेल्या दूरचित्रवाणी कायद्याने जाहिरातीला प्रवेश दिला, पण कार्यक्रमाचे पुरस्कर्तृत्व निषिद्ध ठरवले. अमेरिकेत साबणाचा कारखानदार नाटक विकत घेई आणि नाटकात काय असावे हेही तोच ठरवी. ब्रिटनमध्ये त्याला केवळ जागा विकत मिळेल, तीही कार्यक्रमातील स्वाभाविक खंडांत, आणि सरासरीने तासाला ६ मिनिटांहून अधिक नाही. प्रक्षेपक मनोरे एका सार्वजनिक प्राधिकरणाच्या मालकीचे राहतील, आणि कार्यक्रम करणाऱ्या कंपन्यांना ते प्राधिकरण ठरावीक मुदतीच्या मक्त्याने काम देईल. जुन्या अमदानीत दिवाणाने महसूल मक्त्याने दिला तरी जमीन सरकारचीच राही. तसेच येथे आकाशलहरींचे स्वामित्व लोकांकडे राहिले. प्राधिकरणाचे अध्यक्षपद सर केनेथ क्लार्क यांनी स्वीकारले. ते कलेतिहासकार होते, नॅशनल गॅलरीचे माजी संचालक होते, आणि ही जागा पत्करल्यावर आपल्या क्लबाच्या भोजनगृहात प्रवेश केला तेव्हा सभासदांनी आपला हुर्यो केला, असे त्यांनीच पुढे लिहून ठेवले आहे.

अशा वातावरणात ती संध्याकाळ आली. लंडनचा सोमवार ते शुक्रवारचा मक्ता असोसिएटेड-रीडिफ्यूजन या कंपनीकडे आणि शनिवार-रविवारचा मक्ता असोसिएटेड ब्रॉडकास्टिंग कंपनीकडे होता. ही दुसरी कंपनी लवकरच ए.टी.व्ही. या नावाने ओळखली जाऊ लागली, आणि कॉलिन्स तिच्या चालकांपैकी एक होते. उद्घाटनाचा मान दोघींनी वाटून घेतला. क्रॉयडन येथे एक तात्पुरता मनोरा उभा केलेला होता. त्यावरून येणाऱ्या लहरी बी.बी.सी.च्या लहरींपेक्षा वेगळ्या पट्ट्यातल्या असल्यामुळे जुन्या यंत्राला निराळा परिवर्तक आणि छपरावर निराळी आकाशक जोडावी लागे. देशात त्या वर्षी सुमारे ४५ लाख दूरचित्रवाणी परवाने होते, पण नवी वाहिनी दिसू शकेल अशी घरे लंडन व आसपासच्या प्रदेशातच, आणि तीही मूठभर होती. ज्यांच्याकडे असे यंत्र होते, त्यांच्या बैठकीच्या खोलीत त्या रात्री शेजाऱ्यापाजाऱ्यांची दाटी झाली.

प्रक्षेपण ७ वाजून १५ मिनिटांनी सुरू झाले. त्याहून फारसे लवकर होणे शक्यही नव्हते. कारण मुलांना झोपवण्यासाठी सायंकाळी ६ ते ७ हा एक तास पडदा कोरा ठेवावा असा टपालमंत्र्यांचा दंडक होता आणि तो मोडण्याची मुभा कोणालाही नव्हती. पडद्यावर लंडनची दृश्ये उमटली आणि एक आवाज बोलू लागला. तो आवाज लेस्ली मिचेल यांचा होता. १९३६ च्या नोव्हेंबरात अलेक्झांड्रा पॅलेसमधून बी.बी.सी.ने दूरचित्रवाणी सेवा सुरू केली, तेव्हा तिची उद्घोषणा करणारेही हेच मिचेल होते. प्रतिस्पर्ध्याने आपल्या पहिल्या वाक्यासाठी प्रतिपक्षाचाच कंठ उसना घ्यावा यात मला त्या रात्रीचे सारे रहस्य दिसते, आणि पुढचा प्रत्येक तास त्याची साक्ष देत गेला.

गिल्डहॉलमध्ये सर जॉन बार्बिरोली यांच्या नेतृत्वाखाली हॅले वाद्यवृंदाने एल्गारची ‘कॉकेन’ ही लंडनवरची संगीतरचना वाजवली. मँचेस्टरचा हा वाद्यवृंद युद्धकाळात जवळजवळ मोडकळीस आला असता बार्बिरोली यांनी तो पुन्हा उभा केला होता, आणि आता ते असोसिएटेड-रीडिफ्यूजनचे संगीत-सल्लागार होते. नंतर भाषणे झाली. नगराचे महापौर बोलले, सर केनेथ बोलले, आणि सरकारच्या वतीने टपालमंत्री डॉ. चार्ल्स हिल बोलले. युद्धकाळात पथ्यपाण्याचा सल्ला देणारे ‘रेडिओ डॉक्टर’ म्हणून ज्यांचा भारदस्त स्वर घरोघरी पोचला होता, ते हे हिल. आणि त्यांना तो लौकिक मिळवून देणारी संस्था बी.बी.सी.च होती. पुढे १९६३ मध्ये ते याच नव्या प्राधिकरणाचे आणि १९६७ मध्ये खुद्द बी.बी.सी.चे अध्यक्ष झाले. पण त्या रात्री ते सरकारच्या शुभेच्छा घेऊन आले होते, आणि काळ्या पोशाखातील शेकडो निमंत्रित पदके लावून त्यांचे भाषण ऐकत होते.

८ वाजता दृश्य बदलले आणि विनोदी नट, गायक, वाद्यमेळ यांचा रंगारंग कार्यक्रम सुरू झाला. ८ वाजून १२ मिनिटांनी त्यात पहिला खंड पडला. पडद्यावर हिमासारखा एक ठोकळा दिसला, त्यात गिब्ज एस.आर. या दंतमंजनाची नळी गोठवलेली होती, आणि ती किती शीतल व स्फूर्तिदायक आहे हे एक पुरुषी आवाज सांगू लागला. तो आवाज अॅलेक्स मॅकिन्टॉश यांचा होता, आणि तेही बी.बी.सी.चेच उद्घोषक होते. पहिला मान कोणाला द्यावा यासाठी जाहिरातदारांत चिठ्ठ्या टाकण्यात आल्या होत्या, आणि दैवाने तो दंतमंजनाला दिला. पाठोपाठ कॅडबरीचे चॉकलेट-पेय आले, मग एक मार्गारीन आले, आणि कार्यक्रम पूर्ववत सुरू झाला. ज्या क्षणाला उमरावसभेत महामारीची उपमा मिळाली होती, तो क्षण असा अवघ्या एका मिनिटात, सौम्यपणे आणि सुसंस्कृत उच्चारात निघून गेला.

यापुढचा भाग मला विशेष हृद्य वाटतो. जनतेच्या अभिरुचीला रसातळास नेण्याचा आरोप ज्यांच्यावर होता, त्यांनी पहिल्याच रात्री तिला ऑस्कर वाइल्ड, साकी आणि नोएल कॉवर्ड यांच्या नाट्यकृतींतील प्रवेश दाखवले. रॉबर्ट मॉर्ली यांनी ते प्रस्तुत केले. वाइल्डच्या नाटकात जॉन गिलगुड आणि डेम ईडिथ इव्हान्स होत्या, साकीच्या प्रहसनात अॅलेक गिनेस होते. त्या काळच्या इंग्रजी रंगभूमीवर याहून वरच्या दर्जाचा नटसंच जमवणे कठीण. ही निष्ठा दिखाऊ होती असे मी मानत नाही. या कंपन्यांच्या चालकांत नाट्यगृहांत आयुष्य घालवलेली माणसे होती, आणि आपल्या कलेला आता प्रत्येक घरात मंच लाभणार या कल्पनेने ती खरोखर भारावली होती. मात्र लगेच, ९ नंतर, शोरडिच येथील सभागृहातून व्यावसायिक मुष्टियुद्ध थेट दाखवले गेले, आणि कामगार वस्तीतल्या ज्या प्रेक्षकाने हप्त्यावर परिवर्तक विकत घेतला होता त्याला आपली संध्याकाळ तेथे सापडली. वाइल्ड आणि मुष्टियुद्ध यांच्यामध्ये त्या रात्री कोणी भिंत घातली नाही, बी.बी.सी.च्या नियोजनाला हा शेजार सहसा रुचत नसे.

१० वाजता बातम्या आल्या. त्या सांगायला बसलेला तरुण ख्रिस चॅटवे. १९५४ च्या मे महिन्यात ऑक्सफर्डच्या धावपट्टीवर रॉजर बॅनिस्टरने ४ मिनिटांच्या आत मैल धावून दाखवला, तेव्हा त्याच्यासाठी वेग राखून देणाऱ्या दोघांपैकी हा एक. त्याच वर्षी बी.बी.सी.ने पहिल्यांदा दिलेला वर्षातील श्रेष्ठ क्रीडापटूचा सन्मानही त्याला मिळाला होता. बी.बी.सी.ची दृष्टी अशी की वृत्तनिवेदकाचा चेहरा दिसल्यास त्याच्या मुद्रेतून पक्षपात प्रकट होईल. म्हणून तेथे स्थिरचित्रांवर नुसता आवाज ऐकू येई, आणि निवेदकाला पडद्यावर आणण्याची सवलत त्यांनी दिली ती नव्या वाहिनीच्या आगमनाला काही आठवडेच उरले असता. नव्या वृत्तसंस्थेचे संपादक एडन क्रॉली यांनी उलट धोरण स्वीकारले: सांगणारा माणूस दिसावा, त्याचे नाव कळावे, त्याने आपली भाषा आपणच लिहावी, आणि वार्ताहराने कॅमेरा घेऊन रस्त्यावरील सामान्य माणसाला त्याचे मत विचारावे. यानंतर मेफेअर हॉटेलातील समारंभ दाखवण्यात आला, नृत्यगीते झाली, आणि ११ वाजता धार्मिक चिंतनाने प्रक्षेपण आटोपले.

दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत मात्र या सोहळ्याला निर्वेध स्थान मिळाले नाही. कारण त्याच संध्याकाळी, नवी वाहिनी सुरू होण्याच्या अर्ध्या तासापूर्वी, ६ वाजून ४५ मिनिटांनी बी.बी.सी.च्या नभोवाणीवर एक मृत्यू घडला होता. ‘द आर्चर्स’ ही शेतकरी कुटुंबाची कथामाला १९५१ पासून रोज चाले आणि लक्षावधी घरे ती ऐकल्यावाचून जेवायला बसत नसत. तिच्यातील ग्रेस आर्चर ही तरुणी, जिचे लग्न होऊन जेमतेम काही महिने झाले होते, ती तबेल्याला आग लागली असता आपला घोडा सोडवण्यासाठी पुन्हा आत शिरली आणि जळत्या तुळईखाली सापडून पतीच्या बाहूंत मरण पावली. बी.बी.सी.कडे दूरध्वनींचा आणि पत्रांचा पूर लोटला. प्रौढ माणसे ओक्साबोक्शी रडली. हा योगायोग आहे असे तेव्हा अधिकृतपणे सांगितले गेले, पण लंडनमध्ये त्यावर विश्वास ठेवणारे थोडेच होते. मला यात कपटापेक्षा कसबाचा प्रत्यय अधिक येतो: तीस वर्षे केवळ ध्वनीने लोकांच्या मनात घर केलेल्या संस्थेने, त्या घरावर आपला हक्क किती खोल आहे, हे एका काल्पनिक स्त्रीच्या मृत्यूने सिद्ध करून दाखवले.

पुढील वर्ष मक्तेदारांना कठीण गेले. प्रेक्षक थोडे, म्हणून जाहिरातदार हात आखडता घेत; आणि कार्यक्रमांचा खर्च मात्र रोजचा. ‘डेली मेल’च्या मालकांनी असोसिएटेड-रीडिफ्यूजनमधील आपला बहुतेक हिस्सा १९५६ मध्ये विकून टाकला. सिम्फनी आणि गंभीर नाट्य यांची वेळ आकसली, हॅले वाद्यवृंदाचे दर्शन दुर्मिळ झाले. गिल्डहॉलचा पोशाख उतरवून ही वाहिनी वेगाने लंडन पॅलेडियम या हलक्याफुलक्या करमणुकीच्या नाट्यगृहाच्या रंगमंचाकडे वळली, आणि ज्यांनी अभिरुचीच्या नावाने तिला विरोध केला होता त्यांचे भाकीत या बाबतीत सर्वस्वी खोटे ठरले असे म्हणता येणार नाही. १९५६ मध्ये मिडलंड्स आणि उत्तर इंग्लंड येथे प्रक्षेपण पोचल्यावर प्रेक्षक वाढले. १९५७ मध्ये स्कॉटलंडचा मक्ता मिळवलेल्या रॉय थॉम्सन यांनी तर आपला परवाना म्हणजे नोटा छापण्याचाच परवाना आहे, असे उघड सांगून टाकले. आपल्याकडे जाहिरातींना प्रवेश देण्याचा हाच प्रश्न १९६७ च्या नोव्हेंबरात मुंबई, पुणे आणि नागपूर येथील विविध भारतीवर पहिल्यांदा जाहिराती ऐकू आल्या तेव्हा, आणि १९७६ मध्ये दूरदर्शनने त्या स्वीकारल्या तेव्हा उभा राहिला. ब्रिटनमध्ये झाली तशी दीर्घ सार्वजनिक मीमांसा त्याच्या वाट्याला आली असती तर बरे झाले असते.

परंतु हिशेबाचे दुसरे पान वृत्तविभागाचे आहे, आणि तेच मला अधिक मोलाचे वाटते. पैशाच्या टंचाईत मक्तेदारांनी बातम्यांवर कात्री चालवण्याचा आग्रह धरला तेव्हा क्रॉली यांनी १९५६ च्या जानेवारीत राजीनामा दिला. त्यांच्या जागी आलेल्या जेफ्री कॉक्स यांनी, प्राधिकरणाच्या पाठबळावर, वृत्तविभाग वाचवला. त्या वेळी संसदेत पुढील १४ दिवसांत चर्चेस येणाऱ्या विषयावर ध्वनिक्षेपणात चर्चा करण्यास बंदी होती. बी.बी.सी.ने ती पूर्वी आपखुशीने पाळली होती, आणि जुलै १९५५ मध्ये डॉ. हिल यांनीच तिला रीतसर हुकमाचे रूप दिले होते. सुवेझच्या आणीबाणीत, सारा देश एका युद्धावर दुभंगला असता, ही बंदी पाळणे हास्यास्पद ठरले आणि १९५६ च्या डिसेंबरात ती स्थगित झाली. १९५७ च्या उन्हाळ्यात, इजिप्तशी ब्रिटनचे राजनैतिक संबंध तुटलेले असताना, रॉबिन डे हा नव्या वाहिनीचा वार्ताहर कैरोला गेला आणि बागेत खुर्ची टाकून बसलेल्या अध्यक्ष नासरना इस्रायलच्या अस्तित्वाविषयी रोखठोक प्रश्न विचारता झाला. दोन सरकारे परस्परांशी बोलत नव्हती, आणि प्रजेने मात्र शत्रुराष्ट्राच्या अध्यक्षाला आपल्या बैठकीतून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले व ऐकले.

१९५८ च्या फेब्रुवारीत लँकेशरमधील रॉचडेल या गिरणगावात पोटनिवडणूक आली. तोवर निवडणुकीच्या प्रचाराचे वृत्त दूरचित्रवाणीवरून देण्यास कायद्याची आडकाठी आहे असा समज होता, आणि बी.बी.सी.ने तो कधी कसोटीला लावला नव्हता. उत्तरेकडील मक्तेदार ग्रॅनाडा कंपनीने वकिलांचा सल्ला घेतला, आडकाठी नाही असे ठरवले, आणि तिन्ही उमेदवारांना पडद्यावर आणून मतदारांसमोर बसवले. त्यांतील उदारमतवादी पक्षाचे उमेदवार लुडोविक केनेडी हे काल-परवापर्यंत याच वाहिनीचे वृत्तनिवेदक होते. जागा मजूर पक्षाने जिंकली; केनेडी दुसरे आले, हुजूर पक्ष तिसऱ्या स्थानी ढकलला गेला, आणि मतदारांपैकी सुमारे ८० टक्क्यांनी मतदान केले. पुढच्या वर्षीच्या सार्वत्रिक निवडणुकीत बी.बी.सी.चे कॅमेरेही उमेदवारांच्या सभांना हजर होते.